शून्याचं तिकीट

त्यांचं खरं आडनाव बसमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. दातांच्या कवळ्या बनवतात एवढं कळल्यावर बालवाडीच्या बाई एकदा गमतीने त्यांना कवळीकर म्हणाल्या, आणि ते आडनाव असं काही चपखल बसलं की पुढे पुढे खऱ्या आडनावाने कुणी हाक मारली तर ते क्षणभर इकडे तिकडे बघायचे, कुणाला बोलावतायत म्हणून.

एकशे त्रेचाळीस नंबरची बस सकाळी सातला शहराच्या अगदी टोकाच्या वसाहतीतून निघायची, पूल ओलांडायची आणि मध्ये कुठेही बदलायला न लावता थेट जुन्या बाजारात आणून सोडायची. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, दिवसाच्या चारच फेऱ्या. पहिल्या तीन थांब्यांतच ती भरून जायची. चढणारे बहुतेक सगळे रोजचे, पासवाले, आणि जागाही ठरलेल्या. कवळीकर मागच्या दारापासून तिसऱ्या दांड्याला धरून उभे राहायचे. समोरच्या बाकावर बालवाडीच्या बाई. अर्ध्या वाटेवर, पूल आला की बाई उठायच्या आणि म्हणायच्या, "बसा आता. माझे पाय बसून दुखायला लागले." हे त्या अकरा वर्षं रोज म्हणत होत्या.

कवळीकरांचं वय एक्कावन्न. किरकोळ अंगाचे, बोलायला कमी. नखांच्या कडांमध्ये हिरड्यांच्या रंगाची गुलाबी पावडर कायमची मुरलेली. माणूस बोलायला लागला की त्यांचं लक्ष आधी त्याच्या दातांच्या चाव्याकडे जायचं, मग शब्दांकडे. बाई झोपेत दात खातात हे त्यांनी ओळख झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यातच सांगितलं होतं. बाई म्हणाल्या, "चाळीस पोरं दिवसभर सांभाळून दाखवा. तुम्ही जागेपणी खाल."

घरी त्यांची ताई होती. थोरली बहीण, चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हे सात वर्षांचे होते. ताईने सूतगिरणीत नोकरी धरली, ह्यांना शिकवलं, आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की "आधी ह्याचे दुधाचे दात पडू देत" म्हणत तो इतक्या वेळा पुढे ढकलला की शेवटी विचारणारेच थकले. तीन वर्षांपूर्वी तिला झटका आला आणि उजवं अंग गेलं. जीभ हळूहळू परत आली, पण शब्द ओले होऊन यायचे. बाहेरच्या माणसाला ते कळायचे नाहीत. कवळीकरांना कळायचे आणि शेजारच्या वहिनींना कळायचे.

झटक्याने तोंडाचा उजवा कोपरा खाली ओढला गेला, तेव्हा तिची कवळीही बसेना. ती त्यांनीच बनवलेली होती. त्यांनी पुन्हा माप घेतलं, मेणात दात लावले, चावा जुळवून बघितला, मोडला, पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला जमलं. ताई आरशात बघून म्हणाली, "छोट्या, वाकड्या तोंडात सरळ दात बसवलेस. आता लोक म्हणतील, दात चांगले आहेत, तोंडच बनावट आहे." तिची एक अट होती. दात नसताना तिला कुणी बघायचं नाही, वहिनींनीसुद्धा नाही. म्हणून ती दिवसभर कवळी घालून असायची, हिरड्या हुळहुळल्या तरी. संध्याकाळी कवळीकर घरी आले की ती डावा हात पुढे करायची. ते वाटीत पाणी घेऊन यायचे, ती दात काढून त्यात ठेवायची आणि मग तिचा चेहरा सैल पडायचा. दिवस संपला, असं त्या दोघांच्या घरी तेव्हा म्हणता यायचं.

सगळा संसार एका धाग्यावर होता आणि तो धागा म्हणजे ही बस. प्रयोगशाळा पाचला बंद व्हायची. प्रयोगशाळा म्हणजे जुन्या बाजारातली दुसऱ्या मजल्यावरची एक लांबट खोली, चार टेबलं, एक पॉलिशचं चाक आणि कोपऱ्यात प्लास्टरची पोती. पाच दहाची बस. सहा वीसला वसाहत. साडेसहाला घर. सहा चाळीसला वहिनी निघायच्या, कारण साडेसातला त्यांना एका मोठ्या इमारतीतली कार्यालयं झाडायला हजर व्हायचं असायचं. दिवसभर त्या आपलं शिलाईमशीन ताईच्या खोलीत आणून बसायच्या. दोघींचं सूत जमलं होतं. एक शिवायची आणि एक टाका वाकडा गेला की डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायची. साडेसहा ते सहा चाळीस ही दहा मिनिटं कवळीकरांच्या आयुष्यातली एकमेव शिल्लक होती. बस कधी पाच मिनिटं उशिरा आली तर पाच उरायची, पण उरायची.

या बसचे कंडक्टर म्हणजे मास्तर. त्यांची पाळी तुकड्यांची, सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, मधला वेळ डेपोतल्या बाकड्यावर. चारही फेऱ्या त्यांच्याच, आणि रविवारी ही बस नसायचीच. पूर्वी त्यांच्याकडे तिकिटाला भोक पाडायचा चिमटा असायचा. पासवाल्याकडे नुसतं बघून मान हलवली की झालं. चार वर्षांपूर्वी गळ्यात मशीन आलं. नियम असा की पासवाल्यालाही तिकीट द्यायचं, शून्याचं. पैसे घ्यायचे नाहीत, पण कुठून चढला, कुठे उतरणार, पासाचा प्रकार कोणता, हे सगळं दाबायचं, मग मशीन किर्र करून बोटभर कागद बाहेर टाकणार आणि त्यावर शून्य छापलेलं असणार. एका माणसामागे सहा वेळा अंगठा दाबायचा. बसमध्ये साठ माणसं.

मास्तरांच्या उजव्या अंगठ्याचा सांधा सुजलेला होता. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नसतं, पण कवळीकर हातानेच पोट भरणारे. मशीन आल्याच्या तिसऱ्याच दिवशी त्यांनी पाहिलं की मास्तर अंगठा सोडून मधल्या बोटाच्या पेराने बटणं दाबतायत आणि दर वेळी खालचा ओठ आत घेतायत. कवळीकरांनी पास पुढे केला आणि हळूच म्हणाले, "मास्तर, आमचं राहू द्या. आम्ही काय, रोजचेच."

मास्तर थांबले. "नियम आहे हो."

"नियम नव्या माणसाला. आमचं शून्य घेऊन आम्ही काय करणार? खिशात कचरा."

बाई लगेच म्हणाल्या, "माझंही राहू द्या." मागून रोज पायरीवर लटकणारा एक वॉचमन म्हणाला, "इकडचंही." त्या दिवशी पूल यायच्या आत सगळ्या बसचं राहिलं. पुढे सांगायचीही गरज उरली नाही. मास्तर सुट्या पैशांवाल्या दहा-बारा जणांना तिकीट द्यायचे आणि बाकीचा वेळ खिडकीच्या पट्टीला टेकून अंगठा चोळत उभे राहायचे. बसमधल्या सगळ्यांना वाटायचं, आपण एका म्हाताऱ्या माणसाचं भलं करतोय. आणि करतच होते, त्यात खोटं काही नव्हतं.

चार वर्षं अशी गेली.

मग एका सोमवारी ड्रायव्हरच्या मागच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. बस इतकी भरलेली होती की पुढच्या माणसाने वाचायचं आणि मागे सांगायचं, अशी व्यवस्था झाली. पुढचा माणूस मोठ्याने वाचू लागला, "पुढील महिन्याच्या एक तारखेपासून मार्ग क्रमांक एकशे त्रेचाळीस, अल्प प्रवासीसंख्येमुळे..."

पायरीवर एका पायावर लटकलेला वॉचमन ओरडला, "कशामुळे? नीट सांगा, मला काही ऐकू येत नाही. मधे प्रवासीसंख्या उभी आहे."

सगळी बस हसली. बाई हसल्या, कवळीकरही हसले. "...बंद करण्यात येत आहे," पुढच्याने वाक्य पुरं केलं, आणि हसणं एका थांब्यापुरतंच टिकलं. मग जो तो आपापल्या घड्याळाशी मनातल्या मनात बोलायला लागला. कवळीकरांनी दांडा दुसऱ्या हाताने धरला. बाजारातून पुलापर्यंत एक बस, पुलापाशी उतरून दुसरी. पाच दहा, सहा पाच, मग सहा चाळीस. वसाहत साडेसात. त्यांनी हा हिशेब तीनदा मांडला आणि तिन्ही वेळा साडेसातच आले.

"चूक झाली असणार," बाई म्हणाल्या. "कुठल्या तरी दुसऱ्या बसचा कागद आपल्या काचेला लागलाय. अर्ज करू. शनिवारी माझी शाळा अर्धा दिवस असते."

एकसष्ट सह्या झाल्या. हलत्या बसमध्ये केल्यामुळे सगळ्या सह्यांना एकाच आजाराने गाठल्यासारखं दिसत होतं. शनिवारी दुपारी कवळीकर आणि बाई बसच्या मुख्य कार्यालयात गेले. मार्गांचं काम बघणारा कारकून तिसऱ्या खोलीत बसत होता. चाळिशीचा माणूस, डावीकडची वरची दाढ काढलेली, त्यामुळे उजवीकडूनच चावणारा. तो वाईट नव्हता. अर्ज त्याने शेवटपर्यंत वाचला, जे अशा ठिकाणी कुणी करत नाही.

"एकसष्ट?" तो म्हणाला. "एका फेरीला?"

"उभे राहिलेले धरून," बाई म्हणाल्या. "लटकलेले वेगळे."

त्याने समोरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. रकानेच रकाने होते. "हे बघा वर्षभराचं. तुमच्या सातच्या बसला सरासरी अकरा प्रवासी. संध्याकाळी नऊ. मी मनाचं सांगत नाही, मशीन जे सांगतं ते इथे येतं."

"मशीन खोटं सांगतं मग," बाई म्हणाल्या. "अहो, माझी पर्ससुद्धा उभी राहून येते. अकरा कसले?"

साच्यात हिरड्यांचा गुलाबी लगदा भरताना एखादी हवेची बारीक पोकळी राहून जाते. वरून काही दिसत नाही, दात छान बसतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी नेमकी तिथेच कवळी तडकते. पोकळी कधी राहिली हे बनवणाऱ्याला बरोबर आठवतं. कवळीकरांना दांडा आठवला, मास्तरांचा आत घेतलेला ओठ आठवला, आणि स्वतःचा आवाज. आमचं राहू द्या.

कारकून दोघांच्या तोंडाकडे बघत होता. आवाज उतरवून तो म्हणाला, "पासवाल्यांना शून्याचं तिकीट मिळतं ना?"

बाईंनी कवळीकरांकडे पाहिलं.

"हे बघा, मी स्वतः दोन बस बदलून येतो, मला कळतं. कंडक्टर शून्याची तिकिटं देत नसेल तर तसं लेखी द्या. म्हणजे हे आकडे चुकीचे ठरतील. माणसं पाठवून मोजणी परत करता येईल, तोवर बस चालू राहील. पंचवीस तारखेच्या आत द्या."

"आणि कंडक्टरचं?" कवळीकरांनी विचारलं.

"चौकशी लागेल. चार वर्षं म्हणजे..." त्याने हात हवेत अर्धवट फिरवला. "निवृत्ती कधी आहे?"

"सात महिन्यांनी."

कारकुनाने पडदा परत आपल्याकडे वळवला. "मग सगळंच अडकेल," तो म्हणाला.

जिन्यावर बाईंनी विचारलं, "काय करायचं?" कवळीकर म्हणाले, "विचार करून सांगतो." बाई म्हणाल्या, "मी तुमच्यावर सोडते, कवळीकर. हे बरं नाही, पण सोडते. मला साडेसातला पोचलं तरी कुणी वाट बघणारं नाही."

बातमी मास्तरांपर्यंत कशी गेली कोण जाणे. सोमवारी बस पहिल्या थांब्यावरून हलेना. मास्तर एकेकासमोर उभे राहून अंगठा दाबत होते. किर्र. किर्र. किर्र. माणसं हातात शून्य घेऊन एकमेकांकडे बघत होती.

"मास्तर, राहू द्या ना," वॉचमन म्हणाला. "माझी पाळी चुकेल."

मास्तर वर न बघता म्हणाले, "पास दाखवा."

दहा मिनिटं त्यातच गेली. तिसऱ्या थांब्यावर कागदाचं भेंडोळं संपलं. मास्तरांनी मशीन उघडलं, पिशवीतलं दुसरं भेंडोळं काढलं, ते हातातून निसटून बाकांखाली उलगडत गेलं. चार जणांनी वाकून गोळा करून दिलं. कवळीकरांची पाळी आली तेव्हा मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. वर्ष तर आधीच मोजून झालं होतं. एक तारखेच्या आतल्या पंधरा दिवसांच्या शून्यांनी त्याला काय होणार होतं? तरी मास्तर दाबत राहिले. रोज. अंगठ्याला त्यांनी फडकं बांधलं.

बावीस तारखेला दुपारी, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात, मास्तर प्रयोगशाळेचा जिना चढून आले. कवळीकर चाकावर कवळी धरून पॉलिश करत होते. मास्तरांनी खिशातून रुमालात बांधलेली स्वतःची खालची कवळी काढून टेबलावर ठेवली. तीही कवळीकरांच्याच हातची होती.

"टोचतेय," ते म्हणाले. दात नसल्याने शब्द मऊ झाले होते.

"कुठे?"

मास्तरांनी बोटाने दाखवलं. कवळीकरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, बोट घालून हिरडी पाहिली. लाल झाली होती, पण फार नाही. अशासाठी कुणी दोन जिने चढत नाही. त्यांनी कवळीची कड थोडी घासली, पुसली, तोंडात बसवली. "चावा." मास्तर चावले. "उघडा." उघडलं. "आता?"

"बरंय."

मास्तर उठले नाहीत. त्यांची नजर भिंतीवरच्या दातांच्या पट्ट्यांवर होती, पांढऱ्याच्या सोळा छटा ओळीने. थोड्या वेळाने ते म्हणाले, "लिहायचं असेल तर लिहा. मी नावं ठेवणार नाही. तुमच्या घरचं मला माहिताय. फक्त आदल्या दिवशी सांगा. घरी तिला आधी सांगावं लागेल. एकदम कागद आला तर घाबरेल."

"मास्तर, मीच म्हणालो होतो."

"म्हणालात. पण मशीन माझ्या गळ्यात होतं."

ते गेले. जिन्यावरून त्यांच्या पावलांचा आवाज खालपर्यंत येत राहिला. कवळीकरांनी चाक चालू केलं आणि हातातली कवळी इतकी घासली की मालकांनी येऊन बंद केलं. तेवढ्यात त्यांनी मालकांनाही विचारून पाहिलं, चारला सुटता येईल का, रोज. मालक भले होते. म्हणाले, "एखाद दिवस जा, कोण अडवतंय? पण रोज चारला सोडलं तर दवाखान्यांची संध्याकाळची कामं कोण देणार? ओतलेलं प्लास्टर काही तुमच्या बसची वाट बघत नाही." ह्या कामाची बाकीची दुकानंही त्याच बाजारात होती आणि सगळीकडचं प्लास्टर सारखंच होतं.

त्या संध्याकाळी ताईने दात वाटीत ठेवले आणि विचारलं, "तोंड का असं? माझं वाकडं आहे, तुझं कशाने?"

त्यांनी सगळं सांगितलं. बस, अकरा, पंचवीस तारीख, मास्तर. ताई छताकडे बघत ऐकत होती. दातांशिवाय तिचे शब्द आणखीच विरघळायचे, पण ती सावकाश बोलली, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखी.

"राहू द्या कोण म्हणालं?"

"मी."

"मग ते लिही."

त्यांना ते पटलं. इतकं साधं होतं की आधी सुचलं कसं नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. जेवण झाल्यावर ते लिहायला बसले. आम्ही रोजचे प्रवासीच कंडक्टरना शून्याचं तिकीट नको म्हणत आलो. ते देत होते, आम्ही घेतलं नाही. सर्वांत आधी मी सांगितलं. चूक माझी आहे, त्यांची नाही. तरी मोजणी पुन्हा करावी. खाली त्यांनी आपलं खरं नाव आणि खरं आडनाव लिहिलं.

चोवीस तारखेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते कार्यालयात गेले. कारकुनाने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. जीभ गालातल्या त्या रिकाम्या दाढेच्या जागी फिरवत तो बसून राहिला.

"चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "पण हे मी घेऊन करू काय? प्रवाशाची चौकशी करायची सोयच नाही. बघा." त्याने एक छापील फॉर्म दाखवला. "तक्रार कुणाविरुद्ध. ड्रायव्हर, कंडक्टर, डेपो. यात तुम्ही कुठे बसता?"

"मी कुठेच बसत नाही?"

"नाही ना." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "हा कागद मी पुढे पाठवला की वरचे विचारणार, कंडक्टर कोण. बिल्ला नंबर टाकल्याशिवाय मोजणी होत नाही. तुम्ही चूक स्वतःवर घ्या नाहीतर माझ्यावर घ्या, नाव त्यांचंच लागणार. पाठवू?"

खिडकीतून खाली डेपो दिसत होता. दुपारची वेळ, धुतलेल्या बस ओळीने उभ्या. सावलीतल्या बाकड्यावर खाकी कपड्यातलं कुणीतरी आडवं झालं होतं. ते मास्तर होते की दुसरं कुणी, एवढ्या लांबून कळत नव्हतं. कवळीकरांनी हात पुढे केला. कारकुनाने कागद परत दिला. त्यांनी तो चार घड्या घालून पासाच्या पाकिटात ठेवला.

"मास्तरांना काही सांगू नका," जाता जाता ते म्हणाले.

"मी कशाला सांगतोय," कारकून म्हणाला. "तुमच्याकडे दाढेचं काही करतात का हो?"

"त्याला आधी दवाखान्यात जावं लागतं," कवळीकर म्हणाले. "मग माप आमच्याकडे येतं."

एक तारखेला बस बंद झाली. तिचा थांबा मात्र तसाच राहिला, नंबरच्या जागी पांढरा रंग फासून. पहिले दोन दिवस काही जण सवयीने तिथेच जाऊन उभे राहिले आणि हसून पुढच्या थांब्याकडे चालत गेले. रोजचे लोक पांगले. बाईंनी शाळेजवळ खोली बघायला सुरुवात केली. वॉचमन कुठे गेला कळलं नाही. कवळीकरांना कवळीकर म्हणणारं आता कुणी नव्हतं.

पहिला आठवडा वहिनी पावणेआठपर्यंत थांबल्या. शुक्रवारी त्यांच्या मुकादमाने सांगितलं, आता पुन्हा उशीर झाला तर येऊ नका. वहिनींनी ते ताईला सांगितलं नाही. पण टाका वाकडा गेला आणि ताईने कड वाजवली तरी त्यांनी उसवला नाही, तेव्हा ताईला कळलं. रविवारी सकाळी तिने कवळीकरांना पलंगाजवळ बसवलं आणि वहिनींना हाक मारायला लावली. दोघं समोर आल्यावर ती म्हणाली, "सहा चाळीसला बाहेरून कुलूप लावायचं आणि जायचं."

वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, असं कसं? काही झालं म्हणजे?"

"काय व्हायचंय? मी काय पळून जाणार?"

"ताई, कुलूप नको," कवळीकर म्हणाले. "नुसतं दार ओढून..."

"उघडं दार मला नको. कुणीही आत येईल. बघेल." ती थांबली. मग म्हणाली, "छोट्या, लहानपणी मी गिरणीत जायचे तेव्हा तुला कोंडूनच जायचे. मेलास का?"

ते त्यांना आठवत होतं. कडीचा आवाज आठवत होता, आणि खिडकीच्या गजांना तोंड लावून मोजलेली माणसं. ती परत येईपर्यंत किती मोजावी लागतात हे त्यांना तेव्हा पाठ होतं. दुसऱ्या दिवशी वहिनींनीच स्वतःच्या घरातलं एक कुलूप आणलं. एक किल्ली त्यांच्याकडे, एक ह्यांच्याकडे.

पहिल्या संध्याकाळी ते कुलूप काढून आत आले तेव्हा खोलीत काळोख होता. दिव्याचं बटण उजव्या भिंतीवर होतं, पलंगापासून सात पावलांवर. ताई अंधारात बसून होती, दात घातलेले, डावा हात पुढे. "आलास?" ती म्हणाली. "बस मिळाली वाटतं लवकर." चादर ओली झाली होती. त्यांनी आधी वाटी आणली, मग चादर बदलली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी निघतानाच ते दिवा लावून निघू लागले. भर उन्हात खोलीत दिवा जळत राहायचा. वहिनी म्हणायच्या, सूर्याला लाज वाटत असेल.

पुलापासून वसाहतीकडे जाणारी दुसरी बस सहा चाळीसची. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी कवळीकर तिच्यात चढले तर गळ्यात मशीन घेऊन मास्तर उभे. त्यांची बदली या मार्गावर झाली होती. अंगठ्याला चामड्याची टोपी शिवून घातलेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांच्या चेहऱ्यावर आनंद झाल्यासारखं काहीतरी आलं आणि लगेच मावळलं.

या बसमध्येही गर्दी होती, पण ओळखीचं कुणी नव्हतं. पहिल्या थांब्यावर सगळ्यांची तिकिटं झाल्याशिवाय घंटी द्यायची नाही असा नियम होता. तो पूर्वीही होता. मास्तर आता तो पाळत होते. पुढच्या दारापासून त्यांनी सुरुवात केली. पास दाखवा. किर्र. कुठे उतरणार? किर्र. इंजिन बंद होतं. ड्रायव्हर कोपर खिडकीवर टेकवून बसला होता. मागून कुणीतरी म्हणालं, "आटपा हो, इथेच मुक्काम करायचाय का?" मास्तरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं. त्यांच्या निवृत्तीला अजून सहा महिने राहिले होते.

कवळीकरांनी घड्याळ पाहिलं. सहा चाळीस. आता वहिनी मशीनवर कापड टाकत असतील. आता चपला. आता कडी. कुलूप नवं नाही, एका फटक्यात बसत नाही, दोनदा दाबावं लागतं. सहा बेचाळीस. मास्तर अजून मधल्या बाकांपर्यंतच आले होते. सहा पंचेचाळीस. सहा अठ्ठेचाळीस. बसभर किर्र किर्र चालू होतं. खिडकीबाहेरचा उजेड हळूहळू फिका पडत होता.

शेवटी मास्तर त्यांच्यासमोर आले. उभं राहून अंगठ्यावरची टोपी त्यांनी नीट केली आणि वाट बघितली. क्षणभरच, जेमतेम. ते दोन शब्द कवळीकरांच्या अगदी दातांपर्यंत आले होते. सवयीचे, सोपे. त्यांनी तोंड मिटलं आणि पास पुढे केला.

मास्तरांनी सहा वेळा अंगठा दाबला. प्रत्येक वेळी खालचा ओठ आत घेतला. मशीनमधून बोटभर कागद बाहेर आला, तो त्यांनी फाडून दिला. कवळीकरांनी घेतला, घडी घातली, आणि पासाच्या पाकिटात त्या जुन्या चार घड्यांच्या कागदाशेजारी ठेवला. त्यांच्यामागे अजून आठ-नऊ जण बाकी होते.

घरी दिवा सकाळपासून चालूच होता.